मागच्या चाकाची खूण

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझा सुरतेचा भाचा एका संध्याकाळी न कळवता दारात उभा राहिला. बरोबर त्याची जुनी मारुती एस्टीम. कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर दोन दिवस गाडी पळवून तो बेळगावहून चोर्ला घाट उतरून आला होता. सुरत ते कोइमतूर म्हणजे दीड हजार किलोमीटरहून जास्त. "लोक एवढ्या लांब देवाला जातात, हा गाडी गोल गोल फिरवायला जातो," असे माझी बहीण म्हणते. ती आई आहे, तिला म्हणायचा अधिकार आहे.

मी व्हरांड्यातच होतो. गाडी आमच्या गल्लीत वळली तेव्हाच मला काहीतरी खटकले. पुढचा भाग सरळ येत होता, पण मागचा भाग किंचित एका बाजूला. वाळूवरून कुर्ली चालते ना, तशी. मी विचारले, "ठोकलीस काय रे?"

"नाही मामा. गाडीनेच मला फिरवले."

हात-पाय धुऊन, चहा पोटात गेल्यावर त्याने सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका वेगवान उजव्या वळणावर त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय थोडा काढला, आणि गाडीचा मागचा भाग डावीकडे सुटला. पूर्ण एक गिरकी घेऊन गाडी गवतात जाऊन थांबली. लागले कुणालाच नाही. पण टायर रचून केलेली भिंत तिथून फार लांब नव्हती. तिथल्या मित्रांनी सांगितले की चूक तुझीच, वळणात पाय उचलायचा नसतो. फोनवर त्याच्या वडिलांनी सांगितले, विकून टाक तो डबा. आणि पोराला स्वतःलाही तसेच वाटत होते. आपल्याला हे जमत नाही, संपले. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटले. गिरकीचे नव्हे, त्या "जमत नाही"चे.

आता थोडे तांत्रिक बोलतो. वाचकहो, कंटाळू नका. मी इंजिनिअर नाही, तेव्हा मला जेवढे कळले तेवढेच सांगणार आहे.

गाडीची चाके वरून पाहिली तर अगदी सरळ नसतात. चाकांची पुढची टोके किंचित आत वळलेली असतील तर त्याला टो-इन म्हणतात, बाहेर वळलेली असतील तर टो-आउट. मागच्या चाकांना थोडा टो-इन असला की गाडी स्थिर राहते. उजव्या वळणात गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. अशा वेळी मागचे डावे चाक बाहेर तोंड करून असेल तर ते गाडीची शेपटी आणखी बाहेर ओढते. म्हणजे पुढच्या चाकांना चालक वळवतो, पण मागच्या चाकाने स्वतःचाच एक वेगळा चालक नेमलेला असतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात गाडी सपाट जागी लावली. चार खुर्च्या, दोन नायलॉनच्या दोऱ्या आणि एक स्टीलची पट्टी. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या एकमेकींना समांतर ताणायच्या आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजायचे, एवढीच ही विद्या. उजव्या मागच्या चाकाची पुढची कड दोरीपासून १ मिलिमीटर जास्त लांब, म्हणजे टो-इन, ठीक. डाव्या चाकाची पुढची कड दोरीच्या ३ मिलिमीटर जवळ. टो-आउट. भाच्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. प्रवासाला निघण्यापूर्वी कंप्युटर अलाइनमेंट केल्याचा तो कागद. दोन्ही मागची चाके सारखी, टो-इन, सगळे आकडे हिरवे.

म्हणजे डावे चाक ४ मिलिमीटरने सरकले होते. ४ मिलिमीटर म्हणजे काय? १३ इंची रिमचा व्यास ३३० मिलिमीटर. हिशेब केला तर कोन पाऊण अंशालाही थोडा कमीच भरतो. पण ते चाक सुटे करून एकटेच पळवले, तर १०० मीटरमध्ये ते सव्वा मीटर बाजूला जाईल. आणि ते सुटे नसल्यामुळे प्रत्येक १०० मीटरला तेवढे रस्त्यावर घासत जाते.

कागद खोटा नव्हता आणि दोरीही खोटी नव्हती. मधल्या काळात काहीतरी सरकले होते. नेमके काय, ते त्या दिवशी कळले नाही. भाच्याने चाक पुन्हा जागेवर आणले, पान्याने नट आवळला. मग त्याने मामीकडे नेलपॉलिश मागितले. ती म्हणाली, "आता हेच राहिले होते!" पण दिले. त्याने बोल्टच्या वॉशरवरून पलीकडच्या पत्र्यापर्यंत एक लाल रेघ ओढली. वॉशर जराही फिरला तर रेघ तुटणार.

परत जाताना मीही त्याच्याबरोबर गेलो. बहिणीला भेटायचे होतेच, आणि खरे सांगायचे तर त्या पोराला एकट्याला त्या गाडीतून सोडायचा धीर होत नव्हता. हळूहळू, थांबत थांबत सुरत गाठली. घरासमोर उतरल्याबरोबर तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. रेघ तुटली होती. दोन तुकड्यांमध्ये चांगले दोन मिलिमीटर अंतर. ना ट्रॅक, ना स्पर्धा, साध्या हायवेच्या खड्ड्यांनी बोल्ट फिरवला होता.

गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा निराळाच होता. "मामा, मी नव्हतो," एवढेच म्हणाला.

बहिणीचे घर कतारगामात आहे. तापीच्या काठचे हे एकेकाळचे गाव. उंधियूत पडणारी सुरती पापडी म्हटली की जुने सुरतकर अजून कतारगामचे नाव घेतात. आता शेते कुठली! हिऱ्यांचे कारखाने, त्यांना लागणारी यंत्रे दुरुस्त करणारी वर्कशॉपे, सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांच्या इमारती. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा महापूर आला तेव्हा शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. भावोजींची ही एस्टीम तेव्हा तीन वर्षांची होती. खिडकीच्या काचेपर्यंत पाण्यात उभी होती. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, मारुतीने एस्टीम बनवणे थांबवले. भावोजींनी ती विकली नाही, आणि मुलाने पुढे तिला शर्यतीच्या ट्रॅकवर नेले. एस्टीम तशी हलकी आणि चपळ, भारतातल्या रॅलींमध्ये तिने एक काळ गाजवला आहे.

गल्लीच्या टोकाला एका टर्नरचे वर्कशॉप आहे. तो हिऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग करतो. भाच्याने गाडी तिथे नेली. त्या माणसाने कुठलेही मशीन लावले नाही. सरळ तो बोल्ट काढला आणि वॉशर माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या आतल्या बाजूला काळा रंग होता, चकचकीत, कडेला दबून बाहेर आलेला. भाचा कसनुसा हसला. प्रवासाआधी त्यानेच गाडीचा खालचा भाग ब्रशने छान काळा रंगवला होता, ट्रॅकवर शोभून दिसावा म्हणून. आणि रंगाच्या खाली पुराच्या वेळेपासूनचा गंजाचा पापुद्रा.

एस्टीमच्या मागच्या चाकाचा टो एका कॅम बोल्टने बदलतात. या बोल्टचे भोक त्याच्या वॉशरच्या मधोमध नसते. बोल्ट फिरवला की आर्मचे आतले टोक थोडे आत-बाहेर सरकते. हवे तिथे आणायचे आणि नट आवळायचा. पण लक्षात घ्या, आवळल्यानंतर त्या जागेला कुणी धरून ठेवलेले नसते. धरते ते फक्त घर्षण. लोखंडाला लोखंड घट्ट दाबले गेले तर ते घर्षण पुरेसे असते. मध्ये रंग आला, गंज आला, ग्रीस आले, की पहिल्या काही दणक्यांत तो थर दबतो, बोल्टचा ताण उतरतो, आणि मग नट हाताला घट्ट लागत असूनही आतला बोल्ट फिरू शकतो. आणि ट्रॅकवरचे दणके काही साधे नसतात. चालकासह टनभर वजनाची गाडी वेगाने वळते तेव्हा मागच्या बाहेरच्या एका टायरवर आडवा जोर अडीचशे किलोच्या आसपास जाऊ शकतो. वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर चाक चढले तर त्याहून जास्त.

मी टर्नरला विचारले, मग तो कंप्युटरचा कागद? तो म्हणाला, "काका, मशीन साचुं बोले छे. पण एक ज वार बोले छे." मशीन खरेच बोलते, पण एकदाच बोलते.

मला हे वाक्य फार आवडले. आपण त्या एकदाच बोललेल्या सत्याचा कागद खिशात घालून महिनोन् महिने हिंडतो. कागदावर हिरवा आकडा आहे ना, मग चूक माणसाची.

त्याने पुढे काय केले ते सांगतो, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी पत्र्यावरचा रंग आणि गंज वॉशरच्या जागेपुरता खरवडून धातू उघडा केला. आर्मचा रबरी बुश तपासला, कारण बुश फाटला असेल तर बोल्ट जागेवर राहूनही चाक भाराखाली तोंड फिरवते, आणि मग बोल्टला दोष देऊन उपयोग नाही. बुश कडक झाला होता, तो बदलला. मग त्या गोल कॅम वॉशरच्या जागी बसणारी जाड पोलादाची आयताकृती पट्टी केली. पत्र्याला दोन बाजूंना उंच कडा असतात, ज्यांना टेकून कॅम फिरतो. पट्टी त्या दोन कडांमध्ये अगदी फिट्ट बसते. गोल वस्तू फिरते, चौकोनी वस्तू खाचेत फिरू शकत नाही. पट्टीला भोक हवे त्या जागी पाडायचे आणि त्याच ग्रेडचा नवा साधा बोल्ट घालायचा. आता धरायला फक्त घर्षण नाही, आकारही आहे. परदेशात काही गाड्यांसाठी असे तयार संच मिळतात. आमच्यासाठी ते कतारगामच्या लेथवर झाले.

शेवटचा नट त्याने गाडी जॅकवर असताना आवळू दिला नाही. गाडी चाकांवर उतरवली, पुढे-मागे ढकलली, भाच्याला चालकाच्या जागेवर बसवले आणि मग टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतका आवळला. चाक लोंबकळत असताना आवळले तर बुश पिळलेल्या स्थितीत पकडला जातो आणि गाडी खाली आली की चाकाला ओढत राहतो. शेवटी पुन्हा दोरीने मोजमाप आणि पुन्हा रेघ. या वेळी नेलपॉलिश नव्हे, पिवळा पेंट मार्कर.

भाच्याची एक शंका होती. "भाई, मग मला पुन्हा बदलायचे असेल तर? पावसात वेगळे, कोरड्यात वेगळे ठेवायचे असेल तर?" कॅम बोल्ट असला की पाहिजे तेव्हा फिरवता येतो, पट्टीने ते स्वातंत्र्य गेले, असे त्याचे म्हणणे. शंका खरी आहे. शर्यतीत भाग घेणारी माणसे हवे तसे फिरवता येणारे सुटे भाग हौसेने, महागाने विकत घेतात. टर्नरने खांदे उडवले आणि आणखी दोन जोड्या करून दिल्या. एकीचे भोक मिलिमीटरभर इकडे, दुसरीचे मिलिमीटरभर तिकडे. बदलायचे तर बोल्ट काढ, पट्टी बदल, पुन्हा मोज, पुन्हा आवळ. अर्धा तास जाईल. पण जे होईल ते तू केलेले असेल.

मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच आहे. बदलणे आणि घसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुरून त्या सारख्या दिसतात. चाक दोन्ही वेळा हललेलेच असते. फरक इतकाच की बदल कुणीतरी ठरवून केलेला असतो आणि घसरण कुणीच केलेली नसते. आणि जी गोष्ट कुणीच केलेली नसते, तिचा दोष शेवटी समोर दिसेल त्या माणसावर जातो. इथे तो माझ्या भाच्यावर गेला. हाताशी लाल रेघ नसती तर तो आयुष्यभर समजत राहिला असता की आपल्याला गाडी चालवता येत नाही.

वर्कशॉपच्या शेजारच्या खोलीत हिरे घासणारे बसले होते. एका घंटीभोवती चौघे. मधे फिरणारी लोखंडी चकती, तिच्यावर तेल आणि हिऱ्याची भुकटी. हत्यारात बसवलेला खडा चकतीवर टेकवायचा, थोड्याच वेळात उचलायचा, भिंगातून पाहायचा, परत टेकवायचा. किती वेळा? मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात, खालचे टोक घासले तर ५८. खडा हत्यारात एकदा नीट बसवला, आता घासत सुटा, असे तिथे कुणी करत नाही. हात सरकतो, खडा तापतो, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून ते पुन्हा पुन्हा पाहतात. त्यांच्याकडे हिरवा कागद नाही, सवय आहे.

आपल्याकडे मात्र बसवण्याच्या क्षणाचे कौतुक फार. नारळ, फीत, फोटो, भाषण. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी पणजीला होतो. पुलाचे वय तेव्हा वीस वर्षेही नव्हते. मग पुढे कित्येक दिवस फेरीबोटीच्या रांगेत उभे राहून लोक एकमेकांना पुलाच्या उद्घाटनाच्या आठवणी सांगत. पुलाच्या पोटात शेवटचे कुणी कधी डोकावले होते, हे त्या रांगेत कुणालाच सांगता येत नव्हते. मलाही नाही. मी तर त्यावरून रोज जात होतो.

लहानपणी देवळात कीर्तनात ऐकलेली कैकेयीची गोष्ट मला कतारगामच्या त्या वर्कशॉपात आठवली. वाल्मीकींनी ती जरा वेगळी सांगितली आहे, पण अध्यात्म रामायणात अशी आहे की देव-दानवांच्या युद्धात दशरथाच्या रथाच्या आखाची खीळ मोडली. राजा लढण्यात गुंतलेला, त्याला पत्ताच नाही. कैकेयीने त्या भोकात स्वतःचा हात घातला आणि युद्ध संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. नंतर राजाने खूश होऊन दोन वर दिले, आणि पुढचे रामायण आपल्याला माहीत आहे. कीर्तनकार यातून कैकेयीच्या धैर्याचे वर्णन करीत. मला आता वाटते, निघण्यापूर्वी ती खीळ कुणी पाहिली असती तर? हात घालायची वेळ आली नसती, वर द्यावे लागले नसते. पण खीळ पाहणाऱ्याची गोष्ट कुणी सांगत नाही. सगळे ठीक चालले की गोष्टच तयार होत नाही!

करी स्पीडवे ज्यांच्या नावाने आहे त्या करिवर्धन यांच्याबद्दल भाचा नेहमी बोलतो. त्यांनी मारुतीचे इंजिन घालून स्वस्त शर्यतीच्या गाड्या बनवल्या, फॉर्म्युला मारुती, आणि बेताच्या पैशांच्या पोरांना ट्रॅकवर यायची वाट करून दिली. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. ट्रॅक २००३ मध्ये सुरू झाला. लांबी जेमतेम २.१ किलोमीटर. महागडे सुटे भाग घेऊ न शकणाऱ्या पोरांसाठी तर खूण करणे आणि ती पाहणे हाच खरा सुटा भाग आहे. त्याला पैसे लागत नाहीत. ट्रॅकवर पहिली फेरी झाली की गाडीखाली वाकायचे, घरी पोचल्यावर वाकायचे, मोठा खड्डा आपटला की वाकायचे. कमरेला त्रास होतो, एवढाच खर्च.

आणि अलाइनमेंट करणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. कागद द्या, जरूर द्या. पण त्या कागदाबरोबर प्रत्येक बोल्टवर एक रेघ ओढून द्या आणि गिऱ्हाइकाला ती कुठे आहे ते दाखवा. मग महिनाभराने तो परत आला तर भांडण होणार नाही. रेघ तुटली असेल तर आवळणाऱ्याचे काम कच्चे. रेघ सलग असून चाक वाकडे असेल तर बुश पाहा, आर्म वाकला आहे का पाहा, बेअरिंग पाहा. आणि सगळेच जागेवर असेल तर चालक पाहा.

या थंडीत भाचा पुन्हा कोइमतूरला गेला. भावोजी बोलले नाहीत, पण त्यांनी जाताना टॉर्क रेंच त्याच्या सामानात आहे का ते पाहिले, असे बहीण सांगत होती. रात्री त्याचा फोन आला. त्याच उजव्या वळणावर गाडी पुन्हा फिरली म्हणे, अर्धी गिरकी. माझ्या पोटात गोळा आला.

"आणि रेघ?"

"सलग आहे मामा, दोन्हीकडची. दोरी लावूनही पाहिले. चाक आहे तिथेच आहे." मग हसला. "या वेळी पाय मीच उचलला. उद्या नाही उचलणार."